सुट्टी, चित्र आणि स्मरण : दूरदर्शनवरील अ‍ॅनिमेशनपट व नागपूर परिसरातील एका पिढीचे स्मरणरंजन

प्रस्तावना

बालपणी सुट्टीच्या दिवशी पाहिलेले एखादे कार्टून प्रौढ वयात पुन्हा पाहावेसे वाटणे आणि ते पाहताना मनाला निवांतपणा लाभणे, हा अनुभव वरवर पाहता अगदी खासगी व किरकोळ वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असे त्यात काय आहे, असा प्रश्न सहज उपस्थित होऊ शकतो. परंतु मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यानंतर दूरदर्शनने आपल्या जुन्या मालिका पुन्हा प्रक्षेपित केल्या आणि त्यांना मोठा प्रतिसाद मिळाला, तेव्हा ही खासगी वाटणारी गोष्ट सार्वजनिक असल्याचे स्पष्ट झाले. संकटाच्या काळात समाज कोणत्या चित्रांकडे वळतो, ती चित्रे त्याच्यापर्यंत कशी पोहोचली होती आणि त्यांतील कोणती आज शिल्लक आहेत, हे प्रश्न निश्चितच इतिहासाचे आहेत. प्रस्तुत लेखात नागपूर परिसराच्या संदर्भात त्यांचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभी शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये बाझेल येथील योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घडविला. घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांना जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. मराठीत त्यासाठी दोन प्रतिशब्द रूढ झाले आहेत. 'गतकातरता' या शब्दात मूळची वेदना शिल्लक आहे; 'स्मरणरंजन' या शब्दात मात्र वेदना जाऊन तिच्या जागी रंजन आले आहे. मराठी लेखनात दुसरा शब्द अधिक वापरला जातो, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. जुने कार्टून पाहून मिळणारा दिलासा हा स्मरणरंजनाचाच प्रकार होय. पण त्यात गतकातरतेचा अंश किती आणि तो कशाविषयीचा, हे तपासल्याशिवाय त्या दिलाशाचे स्वरूप कळणार नाही.

सणाचे ठरलेले चित्र

या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. नाताळच्या सुमारास दरवर्षी ठराविक अ‍ॅनिमेशनपट दूरचित्रवाणीवर दाखविण्याची प्रथा तेथे १९६० च्या दशकात रुजली. 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' ६ डिसेंबर १९६४ रोजी, 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' ९ डिसेंबर १९६५ रोजी आणि 'हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' १८ डिसेंबर १९६६ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. हे पट वर्षातून एकदाच दिसत. ते चुकले तर पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबावे लागे. या टंचाईतूनच त्यांना सणाच्या विधीचे स्वरूप प्राप्त झाले. २०२० मध्ये चार्ली ब्राउनचे प्रक्षेपण सर्वांसाठी खुल्या वाहिनीवरून काढून केवळ एका सशुल्क सेवेवर नेण्याचे ठरले, तेव्हा प्रेक्षकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि त्या वर्षी तो सार्वजनिक वाहिनीवरही दाखवावा लागला. वास्तविक त्या सेवेवर तो हवा तेव्हा पाहता येणार होता. तरीही लोकांना तो 'आपल्या वेळेला' आणि सर्वांसोबत हवा होता.

येथे आणखी एक बाब नोंदवावी लागेल. 'रुडॉल्फ'मधील बाहुल्यांचे प्रत्यक्ष चित्रण अमेरिकेत झाले नव्हते. ते टोकियोमध्ये तादाहितो मोचिनागा यांच्या संस्थेत झाले. अमेरिकन माणसाला ज्या चित्राने घरची आठवण येते ते जपानी हातांनी घडविलेले आहे. नागपूरच्या बाबतीतही असेच घडले, हे पुढे दिसेल.

महाराष्ट्रात सणासुदीला चित्रे हलविण्याची व ती जमावाने पाहण्याची परंपरा दूरचित्रवाणीपेक्षा बरीच जुनी आहे. पिंगुळीच्या चित्रकथींची पोथी ही तिची एक शाखा होय. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांच्या पुत्रांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर रंगविलेल्या चित्रांच्या साहाय्याने ते रामायणादी कथा पडद्यावर हलत्या स्वरूपात दाखवीत आणि सोबत निवेदन व संगीत असे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा आगपेटीतील काड्या हलत्या दाखविणारा लघुपट केला. प्रभात फिल्म कंपनीचा 'जंबू काका' १९३४ चा. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. डिस्ने संस्थेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तेथील पहिल्या चित्रकारांना शिकविले व १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' हा जातककथेवरील पट तयार झाला. याच विभागात राम मोहन यांची जडणघडण झाली. पुढे दूरदर्शनवर असंख्य वेळा दाखविला गेलेला 'एक अनेक और एकता' (१९७४) हा विजया मुळे यांनी निर्माण केलेला व भीमसेन यांनी चित्रांत उतरविलेला छोटा पट तर एका पिढीला तोंडपाठ आहे. दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो अचानक सुरू होई, त्यामुळे त्याची वाट पाहण्याची सोय नव्हती. आणि तो लागला की मुले हातातले काम टाकून धावत.

रविवारची सकाळ

मुंबईला दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी पुण्याला सहक्षेपण मिळाले. नागपूरला त्यानंतर सुमारे दशकभर थांबावे लागले. उपग्रहाच्या साहाय्याने देशव्यापी कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ पासून सुरू झाला, त्याच सुमारास रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सेमिनरी हिल्सवरील मनोरा नागपूरच्या क्षितिजाचा भाग बनला. म्हणजे मुंबई-पुण्याच्या मुलांनी कृष्णधवल आणि बहुतांशी मराठी दूरदर्शनपासून प्रारंभ केला, तर नागपूरच्या मुलांना दूरदर्शन भेटले तेच प्रामुख्याने दिल्लीचे व हिंदी. हा फरक स्मरणरंजनाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो. नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक प्रांताची राजधानी होते. येथील मराठी मुलाला हिंदी ही परकी भाषा वाटत नव्हती; शाळेच्या मैदानावर, बर्डीच्या बाजारात, रिक्षात ती त्याच्या कानावर होतीच. तेव्हा हिंदीतून आलेले कार्टून येथे 'घरचे' म्हणून स्वीकारले गेले, यात नवल नाही.

अशा कार्टूनांमध्ये 'द जंगल बुक' या मालिकेचे स्थान वेगळे आहे. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने तयार केलेली ही ५२ भागांची मालिका जपानमध्ये १९८९-९० मध्ये प्रक्षेपित झाली. दूरदर्शनने तिची हिंदी आवृत्ती १९९३ पासून रविवारी सकाळी दाखविली. भारतीय आवृत्तीसाठी गुलजार यांनी स्वतंत्र शीर्षकगीत लिहिले व विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. त्या गीतातील एका साध्या घरगुती वस्त्राच्या उल्लेखावर तेव्हा आक्षेप घेतला गेला होता, असे सांगितले जाते. शब्द बदलला गेला नाही आणि मुलांनी नेमका तोच उचलून धरला! शेरखानला आवाज नाना पाटेकर यांचा होता. 'तिरंगा' (१९९३) आणि 'क्रांतिवीर' (१९९४) हे त्यांचे चित्रपट याच काळातले. मराठी घरातील मुलाला हिंदी बोलणाऱ्या त्या वाघाच्या तोंडून मराठी माणसाचा ठसका ऐकू येई. मालिका जपानी, मूळ ग्रंथ इंग्रजी, भाषा हिंदी आणि त्यातला सर्वांत लक्षात राहणारा आवाज मराठी, असा हा संकर होता.

या मालिकेच्या आठवणीत केवळ चित्रे नसतात. रविवारी लवकर होणारी आंघोळ, सुगंधी तेल, पोह्यांची बशी, गच्चीवर चढून अँटेना फिरविणारा मोठा भाऊ आणि खालून 'आलं, आलं. गेलं' असे ओरडणारी भावंडे, पडद्यावरच्या मुंग्या, ऐन वेळी जाणारी वीज, हे सर्व त्या आठवणीचे घटक आहेत. विदर्भातील शाळांची उन्हाळी सुट्टी उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा लांबते. जूनच्या अखेरीपर्यंत शाळा उघडत नाहीत. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सकाळी अकरानंतर मुलांना घराबाहेर जाण्यास मज्जाव असे. वाळ्याच्या ताट्यांच्या आणि कूलरच्या गार अंधारात आजोळी जमलेली मामे-मावस भावंडे एका पडद्यासमोर बसत. सुट्टीचा दूरचित्रवाणीशी असलेला संबंध विदर्भात असा हवामानानेही घट्ट केला होता. मुंबईच्या मुलाला सुट्टीत खाली खेळायला जाता येई. नागपूरच्या मुलाला मे महिन्यात ते दुपारभर शक्य नव्हते. दूरदर्शननेही सुट्टीचे महत्त्व ओळखून 'छुट्टी छुट्टी'सारखे खास उन्हाळी कार्यक्रम आखले होते.

त्याच दशकाच्या मध्यावर डिस्नेच्या 'डकटेल्स' व 'टेलस्पिन' या मालिका हिंदीतून आल्या. 'टेलस्पिन'मध्ये भालू विमान चालवितो आणि शेरखान चक्क सूट घालून व्यापार करतो. जंगलातल्या शेरखानची सवय झालेल्या मुलांना हा उद्योगपती वाघ थोडा गोंधळात टाकी. १ मे १९९५ पासून कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली आणि केबल घरोघरी पोहोचत गेली, तसे कार्टून दिवसभर उपलब्ध झाले. येथे एक युग संपले असे म्हणणे वावगे ठरणार नाही. यापुढील पिढीच्याही आवडत्या मालिका आहेतच. पण त्यांच्या आठवणींना रविवार सकाळ या विशिष्ट वेळेची चौकट क्वचितच असते. दिलासा देणारी गोष्ट केवळ चित्र असती, तर ते चित्र अधिक वेळा पाहणाऱ्यांना अधिक दिलासा मिळावयास हवा होता. तसे झालेले दिसत नाही. आठवण धरली जाते ती ठरलेल्या भेटीची.

ही ठरलेली भेट नागपूरच्या मुलांना पूर्वीपासून ठाऊक होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. कपाटावर वर्षभर धूळ खात पडलेला लाकडी बैल खाली काढला जातो, पुसून सजविला जातो, मुले त्याला ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा मिळवितात. बैल तोच असतो. पुष्कळदा तो वडिलांच्या किंवा आजोबांच्या बालपणीचाही असतो. दरवर्षी नवा बैल आणला तर त्या दिवसाची गोडी कमी होते. रोज तो खेळायला दिला तर त्याची ओढ उरत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या चित्राचे आणि या बैलाचे नाते जवळचे आहे.

सिवनीचे रान

रुडयार्ड किपलिंग यांचे 'द जंगल बुक' १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लिहिले गेले अमेरिकेतील व्हर्माँट येथे. किपलिंग यांनी भारत १८८९ मध्येच सोडला होता आणि ज्या सिवनीच्या टेकड्यांत त्यांनी मोगलीला वाढविले तेथे ते कधी गेल्याचे दिसत नाही. त्यांचा मोठा आधार होता रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याचे 'सिवनी' हे १८७७ मधील सातपुड्यातील शिकारवर्णनांचे पुस्तक. लांडग्यांनी वाढविलेल्या मुलांविषयी कर्नल स्लीमन यांचे लेखनही तोवर उपलब्ध होते. किपलिंग यांच्या नावाच्या उच्चारालाही भारताने दाद दिली नाही. 'मोगली'चा पहिला स्वर 'काउ' या इंग्रजी शब्दाप्रमाणे उच्चारावा, असे त्यांनी नमूद केले होते; दूरदर्शनने व भारतीय मुलांनी त्याला सरळ 'मोगली' केले.

त्या काळी सिवनी हा मध्य प्रांतातील जिल्हा होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. स्टर्नडेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचा प्रशासकीय पत्रव्यवहार ज्या शहराशी चाले, त्याच शहराच्या मुलांनी शंभर वर्षांनी त्यांच्या रानाची जपानी चित्रे पाहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात आणि सिवनी मध्य प्रदेशात गेले; रानाला मात्र ही सीमा ठाऊक नव्हती. किपलिंग यांची 'वेनगंगा' म्हणजे सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाट, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना स्पर्श करणारी वैनगंगा. पेंच नदीचे पाणी तर नागपूरकर रोज पितात. मालिका पाहणाऱ्या मुलाच्या हातातील पाण्याचा पेला मोगलीच्या रानातून वाहत आलेल्या नदीचा होता, हे त्याला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. जपानी चित्रकारांनी रेखाटलेले अरण्य हे सातपुड्याचे नव्हे, ते स्वप्नातले दाट वर्षावन आहे. सागाची पानगळ, उन्हाळ्यातली करपलेली टेकडी, मोहाच्या फुलांचा वास यांतले काहीच तेथे नाही. साधारण सत्तर किलोमीटरवर असलेले खरे रान न पाहता मुलांनी त्याचे दूरदेशी चित्र मनात साठविले.

ज्या वर्षांत हे चित्र मनात साठविले जात होते, त्याच वर्षांत खऱ्या रानात काय चालले होते, याचीही नोंद घेतली पाहिजे. मध्य प्रदेशातील पेंचला १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातील पेंचला १९९९ मध्ये. दोन्ही राज्यांच्या सीमेवर तोतलाडोहचा जलाशय आहे. उद्यानाच्या हद्दीतून हलविण्यात आलेल्या आदिवासींना त्या जलाशयात मासेमारी करण्यासाठी मध्य प्रदेश शासनाने ३०५ परवाने दिले. त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला व १९९७ मध्ये न्यायालयाने कठोर अटींसह ते परवाने मान्य केले. मोगलीच्या गोष्टीतील मूल माणसांतून रानात जाते आणि रान त्याला आपले म्हणते. प्रत्यक्षात रानात राहणाऱ्या मुलांची कुटुंबे त्याच वेळी रानातून माणसांत येत होती. रविवारचे चित्र ज्यांना दिलासा म्हणून आठवते, त्यांत ही मुले किती असतील? त्यांच्या वस्तीवर वीज व संच असण्याचाच प्रश्न होता. एका पिढीचे स्मरणरंजन असे आपण सहज म्हणतो तेव्हा त्या पिढीतील संच असलेल्या घरांचे, किंवा निदान शेजारच्या खिडकीतून डोकावू दिल्या गेलेल्या मुलांचे, स्मरणरंजन एवढाच त्याचा अर्थ असतो. खिडकीतून पाहणाऱ्यांच्या आठवणीत पोह्यांची बशी नसते.

दसऱ्याचे दोन नागपूर

सणाशी थेट जोडला गेलेला भारतीय अ‍ॅनिमेशनपट म्हणून 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' याचा उल्लेख करावा लागेल. युगो साको या जपानी चित्रकर्त्याच्या ध्यासातून व राम मोहन यांच्या सहकार्याने तो १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. देशातील वातावरण त्या वेळी अत्यंत तणावाचे होते आणि चित्रपटगृहांत त्याला यश लाभले नाही. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा व रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज लाभला. खरा प्रेक्षक त्याला नंतर, दूरचित्रवाणीवरील पुनःपुन्हा झालेल्या प्रक्षेपणांतून मिळाला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या स्वच्छ प्रतीसह देशभरातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. शांबरिक खरोलिकेतील रामापासून या रामापर्यंत शंभर वर्षांचे अंतर आहे. पाहण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. कथा सर्वांना आधीच ठाऊक असते. पुढे काय होणार ही उत्सुकता नसून, ठाऊक असलेले पुन्हा तसेच घडताना पाहण्याचा विसावा त्यात असतो.

नागपुरात मात्र दसऱ्याची एकच आठवण असू शकत नाही. कस्तुरचंद पार्कवर रावणदहनाला जाणारी मुले होती, त्याच वेळी दीक्षाभूमीवर आई-वडिलांचे बोट धरून जाणारी, पुस्तकांच्या दुकानांपुढे थांबणारी, दूरगावाहून आलेल्या पाहुण्यांना घरात जागा करून देणारी मुलेही होती. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या नागपुरात अशोक विजयादशमीचे स्मरण हे हजारो घरांतील बालपणाचे केंद्र आहे. त्या घरांनी चित्ररूप रामायण पाहिलेच नसेल असे नव्हे; एका वाहिनीच्या काळात सर्वांनी सर्व पाहिले. परंतु सुट्टीचा सण म्हटल्यावर मनात काय उमटते, हे एका शहरातही सारखे नसते. दूरचित्रवाणीवरील स्मरणरंजनावर लिहिणारे बहुधा हा फरक गाळतात, आणि त्यामुळे त्यांचे चित्र अधिक गोड व कमी खरे होते.

जे पुन्हा पाहता येत नाही

येथवर ज्या कलाकृतींचा विचार केला त्या जपानी, अमेरिकन किंवा हिंदी होत्या. मराठी मुलांसाठी मराठीतून काही नव्हते काय? होते. पुणे येथे २७ जानेवारी १९८४ रोजी राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. 'बालचित्रवाणी' या नावाने ती सर्वपरिचित झाली. इन्सॅट उपग्रहाच्या आधाराने शालेय मुलांना शैक्षणिक कार्यक्रम देण्याच्या योजनेतील ती महाराष्ट्राची संस्था होती. बाहुल्या, चित्रे, गाणी, विज्ञानाचे प्रयोग, गोष्टी अशा स्वरूपाचे हजारो कार्यक्रम तिने निर्माण केले आणि ते दूरदर्शनवरून महाराष्ट्रभर दिसत. साधने तुटपुंजी असत. रंगविलेल्या पुठ्ठ्यांचा वाघ 'जंगल बुक'मधील वाघासमोर दुबळा वाटे, हे मान्य करावे लागेल. पण तो मराठीत बोले. शाळेला सुट्टी असलेल्या किंवा आजारपणामुळे घरी राहिलेल्या मुलाला सकाळी त्याची सोबत असे. शीर्षकसंगीत ऐकताच चाळिशीतील मराठी माणसाचा चेहरा खुलतो, हा अनुभव अनेकांना असेल.

केंद्र शासनाचे अनुदान थांबल्यानंतर ही संस्था आर्थिक अडचणीत सापडली. कर्मचाऱ्यांचे वेतन रखडले आणि अखेर २०१७ मध्ये राज्य शासनाने ती बंद केली. येथे स्मरणरंजनाचा प्रश्न भावनेचा न राहता जतनाचा होतो. 'जंगल बुक' पुन्हा दाखविता आले, कारण तिची मूळ प्रत जपानमध्ये व्यावसायिक मालमत्ता म्हणून सांभाळली गेली. राम मोहन व साको यांचा पट तीस वर्षांनी स्वच्छ होऊन परतला, कारण त्यात कोणाचे तरी आर्थिक हित होते. बालचित्रवाणीसारख्या सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या साठ्याला असा वारस नसतो. चुंबकीय फीत ही अल्पायुषी वस्तू आहे. दमट हवेत तिला बुरशी येते, थर सुटतो आणि ती चालविणारी यंत्रेही कालबाह्य होतात. तिचे वेळीच संगणकीय रूपांतर झाले नाही, तर कार्यक्रम कायमचा जातो. बालपण मराठीत गेले असूनही सार्वजनिक स्मरण हिंदीतून करावे लागते, यामागे कोणाचा कट नाही. कपाटात काय टिकले, एवढाच तो प्रश्न आहे. मराठी समाजाने नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका ज्या प्रेमाने जपल्या त्याच्या दशांशानेही मुलांच्या दूरचित्रवाणीची काळजी घेतली नाही. मुलांसाठी केलेली गोष्ट मुले मोठी झाली की संपली, असे आपण गृहीत धरले.

२०२० ची सुट्टी

व्यावसायिक जगाने या दिलाशाचे मोल आधीच ओळखले होते. एप्रिल २०१६ मध्ये डिस्नेचा नवा 'द जंगल बुक' भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा हिंदी आवृत्तीसाठी शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकर यांनाच देण्यात आला आणि गुलजार-विशाल भारद्वाज यांचे जुने गीत नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्धीसाठी वापरले गेले. तिकीट मुलांचे होते. पण ती जाहिरात आई-वडिलांसाठी होती.

चार वर्षांनी परिस्थिती वेगळी होती. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका पुन्हा सुरू केली आणि एप्रिलमध्ये 'जंगल बुक'ही दुपारी दाखविले जाऊ लागले. शाळा बंद, परीक्षा रद्द, रस्ते ओस. मुलांच्या दृष्टीने ही सुट्टीच होती, परंतु तिला आजोळ नव्हते, शेजारची मुले नव्हती आणि अखेरची तारीख नव्हती. पस्तिशीतल्या आई-वडिलांनी आपल्या मुलांना मोगली दाखविला. मोबाइलवरील वेगवान चित्रांना सरावलेल्या मुलांना तो संथ वाटला असल्यास नवल नाही. पालकांना मात्र त्या अर्ध्या तासात एक गोष्ट लाभली, ती म्हणजे ठरलेली वेळ. दिवसांना आकार उरलेला नसताना दुपारी एक वाजता काहीतरी नेमके घडणार आहे आणि त्याच क्षणी ते इतर घरांतही घडत आहे, ही जाणीव त्या महिन्यांत दुर्मीळ होती. तीच मालिका यूट्यूबवर केव्हाही शोधून पाहता येत असताना लोक दूरदर्शनची वेळ पाळत होते, ते यामुळेच.

जुन्या रविवारी चित्र संपले की मुले एकदम बाहेर पडत आणि अंगणात, वाड्यात, गल्लीत त्याचा खेळ सुरू होई. कोण मोगली, कोण बघीरा यावरून भांडणे होत आणि शेरखान व्हायला सर्वांत लहान मुलाला भाग पाडले जाई. २०२० मध्ये चित्र संपल्यावर दार उघडत नव्हते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पोळा आला, तेव्हा नागपुरात मारबतीची गर्दी झाली नाही, तान्हा पोळाही भरला नाही. कपाटावरून लाकडी बैल काढले गेले, पुसले गेले, त्यांना झूल चढविली गेली आणि ते दिवसभर बैठकीच्या खोलीत, दूरचित्रवाणीच्या संचाशेजारी उभे राहिले.